लुकलुकता दिवा विझवू नये

हसनाबादेत बुद्धविहार ओलांडून शाळेकडे निघालं की डाव्या हाताला निळ्या पत्र्याच्या गेटचं एक घर लागतं. त्या घरातला मेन स्विच दिवसातून जितक्या वेळा वर-खाली होतो, तितक्या वेळा भोकरदन तालुक्यात दुसरा कुठला होत नसेल. घर अप्पारावांचं. त्यांनी उभी नोकरी जालना एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या उगवण खोलीत काढली. उगवण खोली म्हणजे ओल्या कागदाच्या गुंडाळीत बी ठेवायचं आणि त्यातलं किती उगवतं ते पाहायचं. त्या खोलीची लाइन वेगळी होती. बाकी सगळ्या शेडचा मेन शेवटी निघणाऱ्यानं पाडायचा असा नियम होता, आणि शेवटी निघणारे कायम अप्पाराव. नोकरी संपली, सवय मात्र पेन्शनसारखी घरी आली. दूध आणायला कोपऱ्यावर निघाले तरी मेन खाली. शेजारी ‘काय चाललंय’ विचारायला गेले तरी मेन खाली. फ्रिजमधलं दूध नासून नासून शेवटी कांताबाईंनी वायरमन बोलावला, फ्रिजला स्वतंत्र लाइन टाकून घेतली आणि नवऱ्याला बजावलं, "ह्या बटनाला हात लावला तर मी घर सोडून जाईन."

अप्पारावांनी त्या बटनाला कधी हात लावला नाही. कांताबाई तरीही गेल्या.

म्हणजे तशा नाही गेल्या. पुण्याला लेक-सुनेकडे गेल्या, सुनेच्या बाळंतपणाला, तीन महिने म्हणून. उभं आयुष्य अंगणवाडी चालवलेली बाई. अर्ध्या गावाचं नाक तिनं पुसलेलं. तिला स्वतःच्या नातीचं नाक पुसायला किती दिवस लागणार, असा अप्पारावांचा हिशेब होता. नात झाली, प्रिया. मग ज्योत्स्नाची, म्हणजे सुनेची रजा संपली. मग प्रियाला दात आले. मग पाय फुटले. प्रत्येक वेळी असं ठरायचं, की एवढं झालं की कांताबाई हसनाबादला येणार. आता प्रिया तुरुतुरु बोलायला लागली होती आणि कांताबाईंच्या परत येण्याबद्दल बोलणं तेवढं थांबलं होतं.

मधे अप्पाराव पुण्याला राहून आले होते. सातवा मजला, खाली बघितलं की माणसं ज्वारीच्या दाण्याएवढी. चौथ्याच दिवशी नातीला घेऊन फिरायला निघताना त्यांनी सवयीनं मेन पाडला. आत राजानंद, म्हणजे त्यांचा मुलगा, कंपनीच्या साहेबांना कॉम्प्युटरवर काहीतरी समजावून सांगत होता. साहेब गेले, इंटरनेट गेलं, राजानंदचा आवाज चढला. अप्पारावांचा त्याहून चढला. "मी काय इथं पाव्हणा हाय का?" असं ते म्हणाले. तेव्हा कांताबाई हसत म्हणाल्या, "मंग जा तुमच्या हसनाबादला, तुमच्या मेनपाशी."

कांताबाई हसत म्हणाल्या होत्या. पण अप्पारावांना हसू ऐकूच गेलं नाही. त्यांनी वाक्य तेवढं पिशवीत भरलं आणि गाडी धरली. तेव्हापासून दोघांत एक विचित्र कोंडी होऊन बसली. हे ‘ये’ म्हणत नव्हते आणि त्या ‘येऊ का’ विचारत नव्हत्या. फोन रोज व्हायचा. "गोळी घेतली का?" "घेतली." "आज प्रियानं वरणात चप्पल टाकली." "बरं." "ठेवू मंग?" "ठेव." व्हिडिओ कॉल लावला तर निळ्या गेटच्या आत नेटवर्क असं काही मरगळायचं, की कांताबाईंच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन व्हायचे. बोललेलं आधी यायचं, हललेला ओठ मागून.

गावात मात्र अप्पाराव ताठ. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मला काय कमी हाय? एकटा मस्त चाललंय."

"हौ, दिसून राह्यलं," भिंतीपलीकडून जयवंताबाई म्हणायच्या. "दोन्ही टायमाला पिठलं खाऊन माणूस पिवळा पडून राह्यला, आन् म्हणे मस्त."

जयवंताबाई म्हणजे शेजारीण आणि कांताबाईंची जिवाची मैत्रीण. तिच्या सासऱ्यापर्यंत घरात मेंढरं होती, आता शेती आहे. पण बोलताना अजूनही समोरच्याला हाकत नेते. तिचा मुलगा पप्पू बाजारात मोबाईलचं दुकान चालवतो. दोन लेकरांचा बाप झाला तरी गावाला तो पप्पूच.

तर मागच्या दिवाळीला राजानंदनं वडिलांना टीव्हीला लावायचा एक छोटा बॉक्स पाठवला होता. त्यात म्हणे जगातलं सगळं दिसतं. पण जगातलं सगळं इंटरनेटवरून यायचं असतं आणि ते हसनाबादच्या फाट्यावरच थकून बसायचं. त्यामुळे तो बॉक्स कांताबाईंनी विणलेल्या लोकरी रुमालाखाली निवांत झोपून होता. शेवटी राजानंदनंच तोड काढली. गावाकडे येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर त्यानं एक काळी हार्ड डिस्क पाठवली आणि फोन केला.

"बाबा, आईनं आतापर्यंत काढलेले सगळे व्हिडिओ त्यात हायत. आपल्या घरचं जुनं-नवं सगळंच टाकलंय. बॉक्सला लावा, टीव्हीवर मोठं दिसल. प्रियाला बघा."

"प्रियाला बघायचंच हाय मला," अप्पाराव म्हणाले.

हे खोटं नव्हतं. पण हार्ड डिस्क हातात घेतल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर टीव्हीसमोरच्या दोन खुर्च्यांपैकी कांताबाईंची खुर्ची झटकली. मग आरशात बघून विरळ केस पाण्यानं बसवले. नातीला बघायला माणूस केस बसवत नाही.

डिस्क लावली. तिच्यावरचा बारका दिवा एकदा लुकलुकला आणि आतून आवाज आला: टक्. टक्. टक्. भिंतीवरची पाल चुकचुकावी तसा. अप्पाराव अंधश्रद्धेवर विहारात भाषण देणारे गृहस्थ. पालीच्या चुकचुकण्यानं ते कधी दचकले नव्हते. पण यानं दचकले. टीव्हीवर काहीच आलं नाही. त्यांनी वायर काढली, फुंकली, सदऱ्याला पुसली, परत लावली. टक्. टक्. मग डिस्कच काढली, फुंकली, पुसली. आपल्याकडे बिघडलेल्या वस्तूवर पहिला इलाज फुंकरीचाच होतो; लेकराच्या गुडघ्यापासून ते रिमोटच्या सेलपर्यंत.

"काय बघून राह्यले भाऊ?" जयवंताबाई दारात.

"हे चालत न्हाई. कांताचे... प्रियाचे व्हिडिओ हायत ह्यात."

"कुणाचे?"

"प्रियाचे."

जयवंताबाईंनी कांताबाईंच्या झटकलेल्या खुर्चीकडे पाहिलं, अप्पारावांच्या ओल्या केसांकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "पप्पूला बोलावते," म्हणाल्या.

पप्पू आला, कान लावून टकटक ऐकली आणि म्हणाला, "अप्पा, हिला करंट पुरंना झालाय. बॉक्सच्या भोकातून जेवढा येतो तेवढ्यात हिचं चाक फिरायला उठतं आन् बसतं, उठतं आन् बसतं. हिला वेगळा करंट द्यावा लागतो." दुकानातून त्यानं एक चपटी डबी आणली. तिची पिन भिंतीच्या प्लगात, एक वायर बॉक्सला, आणि डिस्क डबीला. टकटक थांबली. आतून गुंगुं असा आवाज सुरू झाला. अप्पारावांचा चेहरा पोळ्याच्या बैलासारखा सजला.

"आता सगळं बराबर," पप्पू म्हणाला. दुकानात गिऱ्हाईक होतं, तो निघून गेला.

पप्पूची पाठ वळली आणि टीव्हीवर इंग्रजी अक्षरं आली. खाली तीन-चार बटनं, आणि त्यातलं सगळ्यांत वरचं नव्या नवरीच्या नथीसारखं चमकून राहिलेलं. अप्पारावांनी अक्षर लावलं. ‘फॉरमॅट’. रिमोटवर अंगठा ठेवून ते उभे राहिले.

"दाबा की," जयवंताबाई म्हणाल्या. त्या आता कांताबाईंच्या खुर्चीत न बसता खाली, खुर्चीला टेकून बसल्या होत्या. "ते एवढं चमकून चमकून सांगून राह्यलं तर."

"थांब ना बाई."

"दाबल्याबिगर कसं चालल?"

उगवण खोलीत अप्पाराव एकच गोष्ट पक्की शिकले होते: जे बटन स्वतः होऊन बोलावतं त्याला हात लावायचा नाही. त्यांनी अंगठा उचलला आणि पप्पूला फोन लावला. पप्पूनं शब्द ऐकला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज बदलला. "अप्पा, रिमोट खाली ठेवा. तुमच्यापासून लांब ठेवा. ते दाबलं तर सगळं साफ होतं, एक फोटो राहात न्हाई."

अप्पारावांनी रिमोट टीव्हीपुढच्या टेबलावर ठेवला, आणि दोन पावलं मागं सरून खुर्चीत बसले. जयवंताबाई गप्प झाल्या होत्या, आणि हे गावात क्वचितच घडतं. जरा वेळानं त्या हळूच म्हणाल्या, "मी आपलं असंच म्हणून राह्यलते, भाऊ."

पप्पू येऊन खालचं, न चमकणारं बटन दाबून गेला. पण पडदा कोरा. ‘काही सापडले नाही’ एवढंच. डिस्कचा दिवा लुकलुकत होता. अप्पारावांनी थोडं थांबून पाहिलं, उसासा टाकला, मेन पाडला आणि शेतात गेले.

संध्याकाळी परत लावून पाहिलं. काही सापडले नाही. सकाळी पाहिलं. काही सापडले नाही. असं बरेच दिवस चाललं. लावायचं, बघायचं, पाडायचं. फोनवर कांताबाई विचारायच्या, "दिसलं का?" हे म्हणायचे, "बघतो." एकदा त्यांना वाटलं, आपण त्या दिवशी चुकून ते चमकणारं बटन दाबलं तर नसेल? अंगठा नक्की वर होता ना? मग त्यांना जेवण जाईना. दोन वर्षांतली सगळी कांता आपल्या अंगठ्याखाली साफ झाली, आणि हे तिला सांगायचं कसं?

शेवटी डिस्क फडक्यात गुंडाळून ते पप्पूच्या दुकानी गेले. पप्पूनं ती कॉम्प्युटरला लावली, आणि काय सांगावं, सगळं ठणठणीत. बारके बारके चौकोन, रांगांवर रांगा. "अप्पा, सगळं हाय की. लावू का एखादा?"

काउंटरला दोन पोरं रिचार्ज करत होती, एक बाई मोबाईलला काच बसवून घेत होती. अप्पारावांनी डोळे बारीक करून चौकोनांकडे पाहिलं, आणि मग कॉम्प्युटरवर चक्क पंजा ठेवला. "नको. बंद कर. घरी बघीन."

"अवो, इथं दिसून राह्यलं तर बघून घ्या की," मागून जयवंताबाई. त्या पीठ दळायला निघाल्या होत्या म्हणे. गिरणी उलट्या दिशेला आहे. "नवरी बघायला आलेलं पोरगंसुद्धा इतकं लाजत न्हाई."

"मी नातीला बघायला..."

"हौ हौ. नातीला."

पप्पू घरी आला. लावली. काही सापडले नाही. दुकानात पोपटासारखी बोलणारी डिस्क घरी मुकी. पप्पूनं डोकं खाजवलं आणि विचारलं, "अप्पा, लावल्यावर तुम्ही नेमकं काय करता, ते करून दाखवा."

"काय करतो म्हणजे? लावतो. बघतो. दिवा लुकलुकतो. मंग मेन पाडतो."

"का?"

"का म्हणजे? लुकलुकतो म्हणून. उगवण खोलीत दिवा लुकलुकला म्हणजे बिघाड. पळत जाऊन बंद करावं लागायचं."

पप्पू खाली बसला. "अप्पा, ती वाचून राह्यली हो. केवढं भरलंय राजाभाऊनं तिच्यात. पहिल्या टायमाला बॉक्स एकेक फोटो, एकेक व्हिडिओ वाचतो, मंग दाखवतो. लुकलुकणं म्हणजे तिचं काम चालू हाय. तुम्ही मधीच पाडता, की ती दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून. काहीच बिघडलेलं न्हाई. तिला फक्त राहू द्या."

पप्पूच्या मागोमाग आलेल्या जयवंताबाईंनी मांडीवर हात मारला.

"म्हणजे हे रोज उकरून बघून राह्यलते."

हे उकरणं अप्पारावांच्या ओळखीचं होतं. कारण एका वर्षी जयवंताबाईंच्या नवऱ्यानं, राधाकिसननं, सरकी लावली आणि धीर न धरवून रोज सकाळी दोन-दोन आळी उकरून ‘कोंब आला का’ बघितलं. बी उगवलं नाही म्हणून तो भांडायला आला, तेव्हा याच अप्पारावांनी, याच ओट्यावर, चार माणसांत त्याला ऐकवलं होतं: "राधाकिसन, बी वाईट न्हाई, तुझं बोट वाईट हाय." जयवंताबाई ते वाक्य इतकी वर्षं लोणच्यासारखं मुरवत होत्या.

"भाऊ," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "डिस्क वाईट न्हाई."

"कळलं," अप्पाराव म्हणाले.

त्या दुपारी जेवणं झाल्यावर डिस्क लावली गेली. दिवा लुकलुकायला लागला आणि जयवंताबाईंनी अप्पारावांना घराबाहेर काढलं. ओट्यावर बसवलं. दाराजवळच्या मेनच्या बोर्डापुढे स्वतः सूप घेऊन, हरभरा पाखडत बसल्या, साक्षात पहारेकरीण. अप्पाराव दोनदा उठले, दोनदा नुसत्या नजरेनं खाली बसवले गेले. पाणी प्यायचं आहे म्हणाले, तर तांब्या बाहेर आला. आत पंखा कुणासाठी तरी फिरत होता, टीव्ही कुणासाठी तरी चालू होता. घरात माणूस नसताना घर चालू आहे, हे दृश्य त्यांनी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. मग त्यांच्या लक्षात आलं, की कांता गेल्यापासून आपण घराचं हेच करतोय. निघालो की सगळं बंद. आलो की परत पहिल्यापासून.

उन्हं कलली. बाजारातून परतणारे टेम्पो वाजायला लागले. जयवंताबाईंनी आत मान वळवली आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "या," एवढंच म्हणाल्या. आणि पाखडलेला हरभरा तसाच टाकून आपल्या घरी निघून गेल्या, हेही गावात क्वचितच घडतं.

पडदा भरला होता. शेताच्या वाफ्यासारखा, ओळीनं.

अप्पारावांनी पहिला व्हिडिओ लावला. प्रिया पाळण्यात. दुसरा. प्रिया रांगते. तिसरा. प्रिया पडते, रडते, हसते. नात सुंदर होती. नाक डिट्टो कांताचं. त्यांनी कौतुकानं पाहिलं आणि पुढचा लावला. मग पुढचा. प्रिया पायऱ्यांवर, प्रिया बादलीत, प्रिया ज्योत्स्नाच्या कडेवर, राजानंदच्या खांद्यावर.

कांता नव्हती.

कशी असणार? सगळं तीच तर काढत होती. तिचा आवाज होता. "इकडं बघ, इकडं, हात धुतले का? दाखव आबाला. हसनाबादच्या आबाला दाखव." अंगणवाडीतला तोच आवाज, एका वेळी चाळीस लेकरांना पुरणारा. बांगड्या वाजत होत्या. एका व्हिडिओत भिंतीवर तिची सावली आली, अंबाडा आणि पुढं केलेला हात. एकात पदराचं टोक. आणि जवळजवळ प्रत्येकात, वरच्या कोपऱ्यात, भल्या मोठ्या पापडासारखा पसरलेला तिचा अंगठा. फोन कसा धरायचा ते राजानं तिला शंभरदा सांगितलं असेल. ऐकेल ती कांता कसली. अप्पाराव नातीकडे बघायचं सोडून त्या अंगठ्याकडे बघू लागले. विळीवर कापलेली ती जुनी खूण दिसतेय का म्हणून उठून टीव्हीजवळ गेले. दिसत नव्हती. अंगठा फार जवळ होता, म्हणून धूसर होता.

एक व्हिडिओ ती बंद करायला विसरली होती. फोन पालथा ठेवलेला असावा; पडदा काळा. लांब कुठंतरी कुकरची शिट्टी, मग बांगड्या, मग भाकरी थापल्याचा आवाज. थप थप थप. पुण्यात सातव्या मजल्यावर भाकरी. अप्पारावांनी तो काळा पडदा शेवटपर्यंत पाहिला. संपल्यावर परत लावला.

फोन वाजला.

"गोळी घेतली का?"

"घेतो. कांता, ते लागलं आज."

"लागलं? दिसली का प्रिया? ती बादलीतली बघितली का?"

"बघितली. नाक तुझं हाय."

"मंग. सगळं बघा निवांत. लई काढलेत मी."

"सगळं बघितलं," अप्पाराव म्हणाले. त्यांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं, शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. "तू कुठंच न्हाईस त्यात."

"मी कशाला? माझं काय बघायचं राह्यलंय का आता?"

एरवी इथं ते म्हणाले असते, ‘बरं. ठेव.’ जिभेवर तेच आलं होतं. डिस्कचा दिवा लुकलुकत होता.

"राह्यलंय," ते म्हणाले.

पलीकडची भाकरीची थपथप थांबली. त्यांना वाटलं नेटवर्क गेलं.

"कांता?"

"हाय मी."

"प्रिया आता चालती-बोलती झाली. तिला घेऊन थोडे दिवस ये. न्हाईतर मी येतो तिकडं. मेनला हात न्हाई लावणार."

"नुसतं बोलू नका. लावताल तुम्ही." आवाज जरा ओला होता, पण हसत होता, आणि या वेळी हसू अप्पारावांना नीट ऐकू गेलं. "ठेवते. भाकर करपून राह्यली."

फोन ठेवला. थोड्या वेळानं तो परत टुंग वाजला. कांताबाईंनी व्हिडिओ पाठवला होता. वर धुरकट, न ओळखू येणारं चित्र, त्यात काहीतरी कपाळासारखं, काहीतरी खिडकीसारखं; आणि मधोमध एक गोल चाक, फिरत राहिलेलं. निळ्या गेटच्या आतलं नेटवर्क आपल्या चालीनं ते ओढत होतं.

अप्पारावांनी फोन टीव्हीपुढच्या टेबलावर, लोटीला टेकवून उभा केला. पंखा चालू, दिवे चालू, टीव्ही चालू. घरभर उजेड बघून जयवंताबाई भिंतीवरून डोकावल्या.

"भाऊ, आज बिल काय म्हणल?"

"म्हणू दे."

"आलं का ते?"

"येऊन राह्यलंय," अप्पाराव म्हणाले, आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले.